चंक्रमणाची मात्रा : करी रोड ते कान्हेरी

“रोज तासभर चालत जा.” औषधपत्रिकेच्या तळाशी हे वाक्य लिहिण्याची सवय आमच्या हाताला इतकी जडली होती की, गुग्गुळाची मात्रा ठरविताना होतो त्याच्या शतांशही विचार ते लिहिताना होत नसे. गोळ्या किती, कोणत्या काळी, कशाच्या अनुपानाने, हे सारे नीट लिहावयाचे. चालणे मात्र सरसकट तासभर. स्थौल्याच्या रुग्णास तेच, प्रमेहाच्या रुग्णास तेच, आणि गुडघ्यांना सूज असलेल्या रुग्णासही तेच. या निष्काळजीपणाची जाणीव आम्हांस ग्रंथाने नव्हे, एका रुग्णाने करून दिली.

करी रोड स्थानकाजवळच्या एका चाळीत राहणारे हे गृहस्थ. वय अडुसष्ट. १९८२ च्या संपापूर्वी गिरणीत साचे खात्यात होते. संपानंतर मिळेल ती नोकरी करून त्यांनी संसार सांभाळला. देह स्थूल, प्रमेह बारा वर्षांचा, दोन्ही जानुसंधींत वाताने ठाण मांडलेले. आमच्या औषधाने त्यांना बरे वाटू लागले, तेव्हा नेहमीच्या सवयीने आम्ही तळाचे वाक्य लिहिले. काकांनी ते गिरणीच्या भोंग्याइतके प्रमाण मानले. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ मध्ये बंद झाला होता, तो २०२३ मध्ये पुन्हा पूर्णपणे खुला झाला. आपल्या घरापासून चालण्याजोगी जागा ती एवढीच, असे ठरवून काका रोज पहाटे घड्याळ लावून तासभर तो चढ चढू-उतरू लागले. तीन आठवड्यांत उजवा गुडघा इतका सुजला की चाळीचा जिना उतरणे कठीण झाले. ते आमच्याकडे यायचेच थांबले.

हे आम्हांस कळले ते दोन महिन्यांनी. त्यांच्या पत्नी स्वतःच्या अम्लपित्तासाठी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “त्यांचा तुमच्यावर राग नाही, डॉक्टर. पण तुम्ही चाला म्हणालात. कुठं, कसं, किती, ते काही सांगितलं नाहीत.” त्याच सायंकाळी आम्ही चाळीचे तीन मजले चढून काकांना भेटावयास गेलो. काकांनी चहा मागविला, गुडघ्याविषयी एक शब्दही तक्रारीचा काढला नाही आणि सहज विचारले, “डॉक्टर, तुम्ही स्वतः किती चालता?”

या प्रश्नाला देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते. घर ते चिकित्सालय टॅक्सी, चिकित्सालयात सकाळ-संध्याकाळ खुर्ची. व्यायामाने लाघव येते, कर्मसामर्थ्य वाढते, अग्नी प्रदीप्त होतो, मेद झडतो, हे वाग्भटाचार्यांचे विवेचन आम्हांस विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत आहे. पण ते केवळ मुखातच राहिले होते.

शास्त्र याबाबतीत आपल्यासारखे ढोबळ नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात चोविसाव्या अध्यायात अध्वा आणि चंक्रमण हे दोन वेगळे विषय म्हणून आले आहेत. अध्वा म्हणजे मजल-दरमजल वाटचाल. ती वर्ण, कफ, स्थौल्य आणि सौकुमार्य यांचा ऱ्हास करणारी. चंक्रमण म्हणजे देहाला फार पीडा न देणारे फिरणे. त्याने आयुष्य, बल, मेधा व अग्नी यांचा लाभ होतो, इंद्रिये जागी राहतात. दोन्हींत पायच उचलावयाचे असतात, तरी एकाचे गुणधर्म दुसऱ्याचे नव्हेत. आम्ही काकांना चंक्रमण सांगावयास हवे होते. सांगितला अध्वा, तोही पुलाच्या चढावरचा.

अध्वा हे औषध नाही असे मात्र कोणी समजू नये. त्याच संहितेत प्रमेहचिकित्सेच्या अकराव्या अध्यायात निर्धन व आप्तहीन प्रमेह्याला जो विहार सांगितला आहे, तो वाचताना आजही मन थक्क होते. छत्र नाही, पादत्राण नाही, भिक्षेवर निर्वाह, एका गावी एकच रात्र मुक्काम, आणि अशा रीतीने शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालणे. आधुनिक वैद्यक आज मधुमेह्याला चालावयास लावते, त्याचा एवढा उग्र पूर्वज दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण तेथेच आचार्य बजावतात की कृश प्रमेह्याचे मात्र रक्षण करावे. आणि काळ बदलला आहे, हेही आपण ध्यानी घेतले पाहिजे. ज्या प्रमेह्याच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे, त्यास अनवाणी चालण्याचा सल्ला देणे म्हणजे पादव्रणाला आमंत्रण होय. ग्रंथातील विधी शब्दशः उचलणारे काही व्यवसायबंधू आम्ही पाहिले आहेत. त्यांनी आपल्या रुग्णांचे तळवे एकदा स्वतः तपासून पाहावेत.

मात्रेचा निकषही शास्त्राने दिला आहे, तो म्हणजे बलार्ध. हृदयस्थानीचा वायू मुखावाटे येऊ लागला, म्हणजे माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला, की बळ अर्धे खर्च झाले असे जाणावे. कपाळ, नाक, काखा आणि सांध्यांच्या ठिकाणी घाम येणे, तोंडास कोरड पडणे ही त्याची सोबतची चिन्हे. यासाठी यंत्र नको, घड्याळही नको. तासभर ही मात्राच नव्हे, कारण तास सर्वांना सारखा असतो आणि बळ सारखे नसते.

काकांच्या चाळीतून बाहेर पडताना आम्ही त्यांना शब्द दिला की आता चालावयाचे ते आपण बरोबर चालू. प्रश्न जागेचा होता. करी रोड-लालबाग-परळ भागातील पदपथांची अवस्था वाचकांना सांगावयास नको. कोठे पायरी वीतभर उंच, कोठे लादी उखडलेली, कोठे दुचाकींची रांग. तरुण मनुष्य वाहनांतून वाट काढीत रस्त्यावरून जातो, पण दुखऱ्या गुडघ्याला चढ-उताराहून असमान भूमीचे भय अधिक. सपाट, सावलीची, मध्ये बसता येईल अशी आणि वाहनांचा उपद्रव नसलेली वाट हवी होती. ती बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मिळाली.

या वनभूमीचे जुने नाव कृष्णगिरी. कान्हेरीच्या शिलालेखांत कण्हसेल म्हणजे कृष्णशैल असे नाव येते. कान्हेरी हे त्याचेच आजचे रूप. एकोणिसाव्या शतकात मुंबईला पाणी पुरविण्यासाठी या डोंगरांच्या कुशीत विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव बांधले गेले, आणि त्यांचे पाणलोट क्षेत्र सुरक्षित राहावे म्हणून भोवतालचे रान राखले गेले. तेच रान आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नावाने शंभर चौरस किलोमीटरहून थोड्या अधिक क्षेत्रावर पसरलेले आहे. सर्वांत उंच स्थळ जांभुळमाळ, सुमारे ४६८ मीटर. कोट्यवधी वस्तीच्या नगराच्या सीमेच्या आत बिबट्याचा वावर असलेले अरण्य, ही गोष्ट आपण मुंबईकर इतकी गृहीत धरतो की तिचे आश्चर्य वाटेनासे झाले आहे.

जाणेही सोपे. करी रोडहून चालत लोअर परळ स्थानक गाठावे, धीम्या गाडीने बोरिवलीस उतरावे, पूर्वेकडे बाहेर पडल्यावर उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वार जवळच आहे. सोमवारी उद्यान बंद असते. प्रवेशद्वारातून आत गेल्यावर डांबरी रस्ता लागतो आणि तो दहिसर नदीच्या सोबतीने, पुढे वनातून, सहा-सात किलोमीटरांवरील कान्हेरी लेण्यांपर्यंत जातो. आरंभीचा भाग जवळजवळ सपाट आहे; चढ लागतो तो पुढे, लेणी जवळ आल्यावर. ज्यांस तेवढे चालवत नाही त्यांनी वाहनाने पुढे जावे. अशी सोय असलेली वाट गिर्यारोहकाला कदाचित फिकी वाटेल. आम्हांस नेमकी तीच हवी होती.

काळ निवडला माघाचा, म्हणजे शिशिर. अर्धशक्ती व्यायाम शीतकाळी व वसंतात करावा, इतर ऋतूंत अल्पच करावा, ही मर्यादा वाग्भटांनी घातली आहे. मुंबईतील तरुण मंडळी मात्र डोंगरावर जातात ती नेमकी भर पावसाळ्यात, जेव्हा वात प्रकुपित, अग्नी मंद आणि दगड शेवाळलेले असतात. पावसातील कान्हेरीचे ओहोळ सुंदर आहेत यात शंका नाही. पण आषाढ-श्रावणात चिकित्सालयात येणारे मुरगळलेले घोटे आणि सुजलेले गुडघे आम्ही दरवर्षी पाहतो.

आमच्या मेळ्यात नऊ जण होते. काका आणि काकू, आमचे अन्य तीन रुग्ण, गिरगावच्या एक वैद्य भगिनी, काष्ठौषधींचे दुकान चालविणारे दादरचे एक मित्र, त्यांचा मुलगा आणि आम्ही. हृदयाच्या तक्रारीचा पूर्वेतिहास असलेल्या एका रुग्णास त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांची संमती घेतल्याखेरीज आम्ही बरोबर नेले नाही. हे सांगणे अवश्य वाटते. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्शुलिन घेणाऱ्यांना रिकाम्या पोटी चालू नका अशी ताकीद दिली होती. हलकी पेज घेऊन, ती अंगी लागण्याइतका अवकाश देऊन निघावयाचे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावयाची. अजीर्ण असेल त्याने येऊच नये. निघण्यापूर्वी गुडघ्यांना कोमट तिळतेलाचा अभ्यंग. पायांत जुनी, पायाला बसलेली पादत्राणे, नवी नव्हेत. काकांनी मुलाने वाढदिवसाला दिलेले नवे बूट घालून येण्याचा हट्ट धरला होता. काकूंनी तो मोडून काढला.

प्रवेशद्वारातून चालू लागताना आम्ही सर्वांना बलार्धाची लक्षणे समजावून दिली. ज्याला प्रथम तोंडाने श्वास घ्यावा लागेल त्याने हात वर करावयाचा आणि सर्वांनी थांबावयाचे, असा नियम ठरला. आमची अटकळ काकांविषयी होती. एक ओळखीचे गीत गुणगुणत, गुडघ्याला जपत, बैलाच्या संथ गतीने काका चालत होते. काकू तर केव्हाच पुढे गेल्या होत्या. जन्मभर खाली-वर पाणी वाहिलेल्या त्या माउलीला सपाट रस्ता म्हणजे विश्रांतीच होती. सतराव्या मिनिटाला पहिला हात वर झाला. तो आमचा होता.

त्या रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसून आम्ही कपाळावरचा घाम पुसला, तेव्हा कोणी हसले नाही, तरी काकांनी मुद्दाम वरच्या पट्टीत विचारले, “डॉक्टर, पाणी देऊ?” बलार्ध हा शब्द आम्ही परीक्षेत किती वेळा लिहिला असेल! त्याचा स्पर्श मात्र प्रथमच होत होता. छातीत हलकी धपधप, ओठांना कोरड, वरच्या ओठावर घामाचे दोन थेंब. रुग्णाला “दम लागतो का?” असे विचारण्याऐवजी “तोंड उघडावे लागते का, कितव्या मिनिटाला?” असे विचारावे, हे तेथे बसल्याबसल्या उमगले. काकांचे बलार्ध आले ते सव्विसाव्या मिनिटाला. आणि गुडघ्याचा ठणका त्याआधीच, विसाव्या मिनिटाच्या सुमारास, जाणवू लागला होता. म्हणजे त्यांची मात्रा श्वासाने नव्हे, गुडघ्याने ठरावयाची होती. बळाची परीक्षा करताना ज्याचे जे दुर्बळ स्थान, तेच प्रमाण धरावे, असा आमचा आता निष्कर्ष आहे. ग्रंथात तो या शब्दांत नाही. एखाद्या विद्वानास तो अमान्य असल्यास त्यांनी अवश्य लिहावे.

विश्रांतीनंतर पुढे निघालो आणि वाटेत आमचा दुसरा पराभव झाला. तो पहिल्याहून अधिक झोंबणारा होता.

माघात या रानाची पाने बरीचशी झडलेली असतात. काटेसावर निष्पर्ण होऊन फुलांनी लाल झालेली, पळसाच्या कळ्या मखमली, धायटीच्या झुडपांवर तांबडी फुले. आपल्या आसवारिष्टांचे संधान ज्या धातकीपुष्पांवर अवलंबून असते ती फुले झाडावर पाहण्याचा योग वर्षानुवर्षे न आलेले आम्ही एकटेच नव्हतो. दुकानदार मित्रानेही ती पोत्यातच पाहिली होती. मुरुडशेंगेच्या पिळदार शेंगा दिसल्या. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, मागे २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली होती, ही माहिती आम्ही मोठ्या अधिकाराने दिली. त्याच अधिकाराने रस्त्यालगतच्या एका निष्पर्ण वृक्षाकडे बोट दाखवून सांगितले, “हा पाहा कुटज. प्रवाहिकेत, अतिसारात, रक्तार्शात आम्ही तुम्हांला ज्याची घनवटी देतो, तो हा कुडा.”

तेथे बोरे आणि चिरलेली काकडी विकावयास बसलेली पाड्यावरील एक वारली स्त्री हे ऐकत होती. ती म्हणाली की हा काळा कुडा. औषधाचा पांढरा कुडा पलीकडे आहे. फरक कसा ओळखावयाचा, असे वैद्य भगिनींनी विचारले. तिने बसल्या जागेवरून हातानेच दाखविले. दोन्ही झाडांना शेंगा जोडीने येतात. काळ्या कुड्याच्या जोडीच्या शेंगा पिकून फुटेपर्यंत टोकांशी एकमेकींस चिकटलेल्या असतात, त्यामुळे मध्ये एक लांबट फट राहते. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा देठाशी जुळलेल्या, पण टोकांशी सुट्या, दोन बारीक दोऱ्या लोंबाव्यात तशा. आम्ही वर पाहिले. आमच्या “कुटजा”च्या शेंगा टोकांशी चिकटलेल्या होत्या.

कुटजाच्या सालीत काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ होते, हे आपण सर्व जाणतो. इंद्रयव कडू असावेत, गोडे इंद्रजव निघाल्यास ते काळ्या कुड्याचे समजावेत, ही परीक्षाही पाठ असते. पण साल दुकानात येते तेव्हा ती शेंगांसह येत नाही, आणि झाडाखाली उभे राहून जो फरक पोरासोरांना दिसतो तो पोत्यात मावळतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की औषधींची नावे आणि रूपे अजपाल, मेषपाल, गोपाल आणि इतर वनवासी जाणतात. केवळ तेवढ्याने कोणी वैद्य होत नाही, योजनेचे ज्ञान हवे. आपण या विवेचनाचा उत्तरार्ध आपल्या मोठेपणासाठी वापरीत आलो. पूर्वार्ध न येणारा योजना तरी कशाची करणार?

दुकानदार मित्र एक शेंग नमुन्यासाठी तोडावयास पुढे झाले, तेव्हा त्याच स्त्रीने त्यांना थांबविले. ते योग्यच होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये राष्ट्रीय उद्यानातून वनोपज काढून नेता येत नाही, मग ती एक शेंग का असेना. आपल्या व्यवसायातील मंडळी “औषधासाठी चार पाने” घेण्यात काही वावगे मानीत नाहीत. पण रोज येथे फिरावयास येणाऱ्यांची संख्या पाहता, प्रत्येकाची चार पाने म्हणजे झाड नागवे करणे होय. छायाचित्र घ्यावे, स्पर्श करावा, ओळखावे आणि सोडून द्यावे. आम्ही बोरे मात्र विकत घेतली.

तेथून आम्ही सहा जणांनी वाहन धरले. काकू, दुकानदार मित्रांचा मुलगा आणि वैद्य भगिनी चालतच कान्हेरीस आल्या.

कान्हेरीच्या कृष्णपाषाणात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरीवकामास आरंभ झाला आणि पुढे सुमारे हजार वर्षे येथे वस्ती राहिली. वर चढून जाण्याची ज्यांना शक्ती नाही त्यांनी विषाद मानू नये, कारण तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह प्रवेशाजवळच, थोड्याच पायऱ्यांवर आहे. ते सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील. व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंस सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत. काका त्यांच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि मग बाजूच्या एका लेण्याच्या ओसरीतील दगडी बाकावर बसले. “ही उंची गुडघ्याला बरी,” एवढेच म्हणाले. बाक खरोखरच असा होता की बसताना वा उठताना गुडघा पूर्ण मुडपावा लागत नव्हता.

निवासाच्या बहुतेक लेण्यांना लागून पाण्याचे टाके आहे. शिलालेखांत त्याला पोढी म्हटले आहे. डोंगरावरचे पाणी पन्हळींवाटे या पोढ्यांत उतरविलेले. दान देणाऱ्यांत कल्याण, सोपारा येथील व्यापारी आणि कारागीर आहेत. आपल्या व्यवसायाचा उल्लेख लेण्यांत कोठे आहे काय, असे दुकानदार मित्रांनी विचारले. आहे, आणि अभिमानाने सांगावा असा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे द्वार धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दिलेले आहे. आणि रायगड जिल्ह्यातील कुडा या गावच्या लेण्यांत एका लेण्याचा दाता आहे सोमदेव नावाचा वैद्य. शिलालेखात त्यासाठी वेज असा शब्द आहे. सकाळी कुडा ओळखण्यात फजीत झालेल्या वैद्याला दुपारी कुडा गावच्या वैद्याचे स्मरण व्हावे, हा योगायोग वैद्य भगिनींनी आम्हांस ऐकविल्यावाचून सोडला नाही.

पण कान्हेरीस बसून आम्हांस अधिक आठवला तो जीवक. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. वैशालीत लोक भिक्षूंना क्रमाने मिष्टान्नाची भोजने देऊ लागले. भिक्षूंचे देह दोषांनी भरले आणि त्यांच्यात रोग वाढले. काही कामानिमित्त तेथे आलेल्या जीवक वैद्याने हे पाहिले आणि बुद्धांना विनंती केली की भिक्षूंना दोन गोष्टींची अनुज्ञा द्यावी. एक चंक्रम, म्हणजे फिरण्याची जागा, आणि दुसरे जंताघर, म्हणजे स्वेदनगृह. संतर्पणोत्थ विकारांवर चंक्रमण आणि स्वेद! अडीच हजार वर्षांपूर्वीची ही चिकित्सा आज करी रोडच्या कोणत्याही चिकित्सालयात जशीच्या तशी लिहिता येईल.

प्रसंग येथे संपत नाही, आणि पुढचा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. अनुज्ञा मिळाली, भिक्षू फिरू लागले. पण भूमी विषम होती, त्यांचे पाय दुखू लागले. तेव्हा ती समतल करावी असे ठरले. जागा सखल होती, पाण्याखाली जाऊ लागली. तेव्हा जोते उंच करावे असे ठरले. उंच जोत्यावर चढताना भिक्षूंना कष्ट पडू लागले, मग पायऱ्या आल्या. पायऱ्यांवरून पडू लागले, मग हाताने धरावयास आधार आला. फिरताना कडेवरून पडू लागले, मग कठडा आला. ऊन आणि थंडी बाधू लागली, मग वर छप्पर आले. जीवकाने केवळ “चाला” असे सांगितले होते. त्या एका शब्दाचे पथ्य पाळता यावे म्हणून एकापाठोपाठ एक किती सोयी कराव्या लागल्या, याची ही नोंद. आमच्या काकांचा गुडघा सुजला तो यांपैकी पहिल्याच पायरीवर. भूमी विषम आहे, याची चौकशी आम्ही केली नव्हती.

जीवकाची दुसरी कथा सर्वांस परिचित आहे. तक्षशिलेस गुरूंनी त्याला सभोवतालच्या योजनभर प्रदेशात औषध नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितले आणि तो रिक्त हस्ते परतला. विद्यार्थ्यांना आपण ती प्रत्येक वनस्पती औषध असते याचे उदाहरण म्हणून सांगतो. परीक्षा कशाची होती, तर योजनभर पायी हिंडून प्रत्येक झाडापाशी थांबण्याची, याकडे आमचे लक्ष त्या दिवशी गेले.

परत येताना काका प्रवेशद्वाराअलीकडे वाहनातून उतरले आणि शेवटचा सपाट भाग पुन्हा चालले. गाडीत बसल्यावर त्यांनी गुडघा स्वतः दाबून पाहिला. सूज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विचारणा केली, तेव्हा किंचित जडपणा होता. तो अभ्यंग आणि वालुकापोट्टली स्वेदाने संध्याकाळपर्यंत गेला.

आता त्यांच्या औषधपत्रिकेत चालण्याची ओळ तळाशी नसते. औषधांच्या बरोबरीने असते. पहिला महिना : परळच्या नरे पार्क मैदानात, सपाट जमिनीवर, बारा मिनिटे, पाच मिनिटे बसणे, पुन्हा बारा मिनिटे. पूल नाही, जिना लागोपाठ दोनदा नाही. काल : सकाळी, हलक्या न्याहारीनंतर किमान पाऊण तासाने. वर्ज्य : अजीर्ण, ज्वर, रात्रीचे जागरण झालेला दिवस. थांबण्याचे चिन्ह : गुडघ्यात ठणका किंवा तोंडाने श्वास, जे आधी येईल ते. छातीत दुखल्यास, दुखणे डाव्या हातात उतरल्यास किंवा घेरी आल्यास चालणे सोडून थेट रुग्णालय. दर पंधरा दिवसांनी दोन-दोन मिनिटे वाढविणे, तीही आम्हांस दाखवून. काका हे सारे एका जुन्या हजेरीवहीत टिपून आणतात. कितव्या मिनिटाला बसलो, शेजारी कोण होते, हेही त्यात असते. अन्य रुग्णांच्या पत्रिकाही आम्ही याच धर्तीवर लिहू लागलो आहोत. प्रत्येकी पाच-सहा मिनिटे अधिक लागतात. गर्दीच्या वेळी ती काढणे अवघड जाते, हे मान्य करतो.

दुकानदार मित्रांनी परतल्यावर गोदामातील कुड्याच्या सालीचे पोते उघडून पाहिले. सालीवरून त्यांस किंवा आम्हांस काहीही ठरविता आले नाही. मग त्यांनी माल पाठविणाऱ्याला दूरध्वनी करून सांगितले की पुढच्या खेपेस सालीबरोबर त्याच झाडांची शेंगांसह एकेक फांदी पाठवावी, दर थोडा अधिक देऊ. पलीकडचा गृहस्थ आधी हसला, मग म्हणाला की असे आजवर कोणी मागितले नव्हते. खेप आली तेव्हा पोत्याच्या तोंडाशी सहा फांद्या बांधलेल्या होत्या. चार फांद्यांच्या शेंगा सुट्या होत्या. दोहोंच्या टोकांशी चिकटलेल्या. ते पोते मित्रांनी परत पाठविले असून दुसऱ्या खेपेची वाट पाहत आहेत.